टॉर्क भरपूर, पण दुसरा गिअर लगेच संपतो

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"दादा, मी २९ वर्षांचा आहे, चार वर्षं पैसे साठवतोय आणि आता पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखी गाडी घेणार आहे. सेकंडहँड ऑडी टीटी. दोन गाड्या बघून ठेवल्यात, एक २.० टीएफएसआय पेट्रोल, २०० हॉर्सपॉवर, आणि दुसरी २.० टीडीआय डिझेल, १७० हॉर्सपॉवर, क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद. डिझेलवाली जास्त चांगली ठेवलेली आहे आणि ॲव्हरेज पण भारी देते. माझा मोठा चुलतभाऊ वर्षानुवर्षं डिझेल चालवतो, तो म्हणतो टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) बघ, ३५० न्यूटन मीटर आहे, पेट्रोलला २८०, विषय संपला. मित्र म्हणतात डिझेल हे ट्रकचं इंजिन, स्पोर्ट्स कारमध्ये टाकणं म्हणजे गाडीचा अपमान. माझं ऑफिस ८ किलोमीटरवर आहे, रोज तेवढंच जाणं-येणं. लांबचा प्रवास वर्षातून दोन-तीनदा. पण रविवारी पहाटे उठून घाटात गाडी चालवायची हे माझं कॉलेजपासूनचं स्वप्न आहे, त्यासाठीच ही गाडी घेतोय. डिझेल घेतली तर चुकेन का? आणि मुळात स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल असावं का?"

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण त्यात प्रश्न दोन आहेत आणि तू ते एकमेकांत मिसळलेत. एक म्हणजे स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल असावं का, आणि दुसरा म्हणजे तुझ्या दारात उभी राहणारी जी एकच गाडी असणार आहे तिच्यात असावं का. दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. पेट्रोल घे. पण तुझे मित्र सांगतायत त्या कारणासाठी नको घेऊस, कारण ते कारण साफ चुकीचं आहे, आणि भाऊ सांगतोय ते पण अर्धंच बरोबर आहे.

आधी मित्रांचं बघू. ट्रकचं इंजिन म्हणे. त्यांना विचार, १९५२ सालच्या इंडियानापोलिस ५०० रेसमध्ये सगळ्यात पुढून, म्हणजे पोल पोझिशनवरून, कोणती गाडी सुटली होती. कमिन्सची डिझेल. इंजिन खरोखरच ट्रकच्याच घराण्यातलं, ६.६ लिटर, सहा सिलेंडर, पण आडवं झोपवून बसवलेलं म्हणजे गाडी जमिनीला चिकटून राहील, आणि वर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. फ्रेड अगाबाशियन चालवत होता आणि क्वालिफाइंगला ताशी १३८ मैल, म्हणजे साधारण २२२ किलोमीटरचा ॲव्हरेज काढला त्याने. पुढे रेसमध्ये ७१ लॅपनंतर गाडी बाहेर पडली, का, तर टर्बोच्या हवेच्या तोंडात ट्रॅकवरचे टायरचे रबराचे तुकडे ओढले जाऊन ते चोंदलं. म्हणजे डिझेल कमी पडलं नाही, श्वास कोंडला. त्याच कंपनीच्या गाडीने त्याआधी १९३१ मध्ये तिथेच आख्खे ५०० मैल एकदाही पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरच्या थांब्यावर, न थांबता पूर्ण केले होते, तेव्हा ती तेरावी आली, पण न थांबता आली.

मग १९७८ ची मर्सिडीज सी १११-३ आहे. पाच सिलेंडरचं ३ लिटर टर्बो डिझेल, २३० हॉर्सपॉवर, इटलीतल्या नार्डोच्या गोल ट्रॅकवर १२ तास पळवली आणि ॲव्हरेज ताशी ३१४ किलोमीटर. बारा तास सलग तीनशेच्या वर, हे आजही सोपं नाहीये. १९९८ ला बीएमडब्ल्यू ३२०डी ने नुर्बुर्गरिंगची २४ तासांची रेस जिंकली, तिथली ती पहिली डिझेल विजेती, आणि जिंकली कशी तर बाकीचे पेट्रोल भरायला जास्त वेळा थांबत होते आणि ही पळत होती. आणि २००६ मध्ये ऑडीने फ्रान्समधल्या ला मान्सच्या २४ तासांच्या रेसला आर १० टीडीआय आणली, ५.५ लिटर व्ही १२, ६५० च्या वर हॉर्सपॉवर, ११०० च्या वर न्यूटन मीटर, आणि पहिल्याच फटक्यात जिंकली. तिथून पुढे २०१४ पर्यंत सलग नऊ वर्षं ला मान्स डिझेलनेच जिंकलं, मधलं एक २००९ प्यूजोने, बाकी आठ ऑडीने, शेवटची तीन हायब्रिड जोडून. नऊ वर्षं जगातली सगळ्यात अवघड रेस मारणाऱ्या इंजिनाला स्पोर्ट्समध्ये शोभत नाही म्हणणं हा अन्याय आहे, मला हे ऐकलं की खरंच राग येतो, कारण त्यामागे ज्या लोकांनी रात्रंदिवस डोकं लावलं त्यांची मेहनत एका वाक्यात उडवली जाते.

आणि एक गोष्ट मला त्या आर १० बद्दल फार आवडते. ती शांत होती. बाकीच्या गाड्या कान फाडत जायच्या आणि ही यायची ती टायरचा आणि वाऱ्याचा आवाज घेऊन, आत ड्रायव्हरला पण इंजिन नीट ऐकू यायचं नाही, गिअर बदलायला कानावर भरवसा न ठेवता लाइट बघावा लागायचा. हे वाक्य लक्षात ठेव, आपण परत इथे येणार आहोत.

तर डिझेल वेगवान असू शकतं का, असू शकतं, हे सिद्ध झालेलं आहे. पण ला मान्सची गाडी कशासाठी असते? २४ तासात जास्तीत जास्त अंतर कापायला. तिथे एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते याला किंमत आहे, डिझेल इंजिन त्यातलं जास्त चाकापर्यंत पोचवतं याला किंमत आहे, पिटमध्ये एक फेरी कमी झाली तर एक मिनिट वाचतं याला किंमत आहे. शिवाय तेव्हाच्या नियमांनी टर्बो डिझेलला मोठं इंजिन आणि जास्त बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वापरायची मुभा दिली होती, ती नंतर हळूहळू कापत नेली. या सगळ्यातलं तुला रविवारी पहाटे घाटात काय लागणार आहे? काहीच नाही. तुला अंतर कापायचंच नाहीये. तू त्या घाटाच्या वर जाऊन परत खालीच येणार आहेस ना. तुझ्यासाठी गाडी म्हणजे तुझा उजवा पाय आणि इंजिन यांच्यातलं बोलणं आहे, पाय जरा हलला की तिकडून लगेच उत्तर आलं पाहिजे, आणि जितका दाबशील तितकं उत्तर चढत गेलं पाहिजे.

आता भावाच्या टॉर्ककडे येऊ, कारण इथे बहुतेक लोक फसतात आणि मी पण बरीच वर्षं फसलेलो होतो. टॉर्कचा आकडा जो ब्रोशरमध्ये असतो तो इंजिनाच्या क्रँकवरचा, म्हणजे इंजिन जो दांडा फिरवतं त्याच्यावरचा असतो, चाकावरचा नाही. मधे गिअरबॉक्स आहे, आणि गिअरबॉक्सचं कामच टॉर्क वाढवणं आहे. समज एक डिझेल इंजिन ३५०० आरपीएमला (मिनिटाला तितक्या फेऱ्या) ४०० न्यूटन मीटर देतंय. आणि एक पेट्रोल ७००० ला फक्त २००. कागदावर डिझेल दुप्पट ताकदीचं दिसतं. पण पेट्रोल दुप्पट वेगाने फिरतंय, म्हणजे त्याच स्पीडला त्याला दुप्पट छोटा गिअर लावता येतो, आणि गिअरने ते २०० चे ४०० होतात. चाकावर दोन्ही सारखे. पॉवर, म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग, काढून बघ, दोन्हीची साधारण १४७ किलोवॅट येते, एकसारखी. म्हणजे जोर लावून चालवताना गाडी किती जोरात पळणार हे पॉवर ठरवते, क्रँकचा टॉर्क नाही. तुझ्याच दोन गाड्या घे ना. डिझेल टीटीला ३५० न्यूटन मीटर, शून्य ते शंभर ७.५ सेकंद, टॉप स्पीड २२६. पेट्रोलला २८०, शून्य ते शंभर ६.६ आणि टॉप स्पीड २४०. त्यात डिझेलवाली जड आहे आणि क्वाट्रोचं वजन पण तिच्यावर आहे हे मान्य, पण मग सुटताना चारही चाकांची पकड पण तिच्याकडेच आहे. ७० न्यूटन मीटर जास्त असून मागे. भावाला हे दाखव.

पण भाऊ खोटं बोलत नाहीये हे पण समजून घे. तो रोज हायवेवर टॉप गिअरमध्ये ८० वरून १२० ला जातो, गिअर न बदलता, पाय थोडा दाबून, आणि तिथे डिझेल खरंच मस्त उचलते, कारण १७५० आरपीएमपासूनच सगळा टॉर्क हातात असतो. पेट्रोलवाल्याला त्याच जागी एखादा गिअर खाली यावं लागतं. ज्याला गिअर बदलायचाच नाही त्याच्यासाठी भाऊ शंभर टक्के बरोबर आहे. आपण ज्याला पिकअप म्हणतो ते हेच. फक्त तू ही गाडी गिअर न बदलण्यासाठी घेत नाहीयेस.

डिझेल वर फिरत का नाही हे सांगतो, कारण हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून तयार असतं, स्पार्क पडला की ज्वाला पसरते, आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी आत हवा जास्त घुसळली जाते, मग ज्वाला पण तितकी भराभर पसरते. डिझेलमध्ये आधी नुसती हवा दाबून दाबून तापवतात, आणि अगदी शेवटी इंधनाचा फवारा मारतात. मग त्या फवाऱ्याने वाफ व्हायचं, हवा शोधायची, मिसळायचं आणि जळायचं, हे सगळं त्याच क्षणात. ४५०० आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला साधारण ६.७ मिलिसेकंद मिळतात. ७००० ला फक्त ४.३. एवढ्यात इंधनाला हवा सापडत नाही, ते अर्धवट जळतं, काळा धूर होतो आणि ताकद मिळत नाही. आणि एवढा दाब सोसायला पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, ब्लॉक सगळं जाडजूड लागतं, जाडजूड म्हणजे जड, आणि जड वस्तू वरखाली जोरात हलवायची म्हणजे परत मर्यादा आली. म्हणून गाड्यांमधली बहुतेक डिझेलं साडेचार-पाच हजारला थांबतात. कोणी आळस केला म्हणून नाही, जळण्याची पद्धतच तशी आहे.

आता हे पायाखाली कसं लागतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एक डिझेल कूपे आठवडाभर चालवली, तिचं नाव नको. घाटात पहिल्यांदा नेली तेव्हा मी मनापासून तिच्या बाजूने होतो. हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, आला, ब्रेक, तिसऱ्यातून दुसऱ्यात, मधे सवयीने ॲक्सिलरेटरला एक टिचकी मारली की रेव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या, वर यावेत आणि गिअर मऊ बसावा, तर रेव्ह आलेच नाहीत वेळेवर, जड फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं वजनदार चाक), इंजिन जागं होईपर्यंत माझा क्लच सुटलेला, गाडीने एक हिसका दिला. ठीक आहे, सवय होईल. वळणाच्या मध्यावर पाय हळूच दाबायला सुरुवात केली. काही नाही. अजून थोडा. काही नाही. आणि मग एकदम १८०० च्या पुढे टर्बो भरला आणि सगळा टॉर्क एका घासात आला, पुढची चाकं बाहेरच्या बाजूला सरकली, मी पाय उचलला. परत दाबला. आता सरळ रस्ता, गाडी काय ढकलते म्हणून सांगू, पाठ सीटला, खरंच छाती भरून येते त्या ढकलण्याने, आणि मी तोंडाने "वा" म्हणेपर्यंत काटा ४२०० वर आणि ताकद संपली. पुढे रेडलाइनपर्यंत, म्हणजे काट्याच्या लाल खुणेपर्यंत, नुसता आवाज आहे, जोर नाही. तिसरा टाकला. पुढचं वळण आलंच. परत दुसरा.

तो दुसरा गिअर मी त्या दिवशी शेकडो वेळा टाकला असेल आणि दर वेळी तो बोलायला सुरुवात करायचा आणि गप्प व्हायचा. पेट्रोल गाडीत घाटातला दुसरा गिअर म्हणजे आख्खी एक गोष्ट असते, वळणातून बाहेर पडताना २५०० ला सुरू होते आणि साडेसहा हजारपर्यंत चढत जाते, दोन वळणांमधलं आख्खं अंतर एका गिअरमध्ये मावतं, दोन्ही हात स्टीअरिंगवर राहतात आणि तुला पायाने वेग कमी-जास्त करता येतो. डिझेलमध्ये त्याच अंतरात एकदा वर एकदा खाली करावंच लागतं, किंवा मग तिसऱ्यातच ठेवून आळसावल्यासारखं चालवायचं, टॉर्क आहे म्हणून ती ओढते पण मग तू गाडी चालवत नाहीस, गाडीत बसलेला असतोस. उतरताना अजून एक. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होतो आणि इंजिन स्वतः गाडीला मागे धरतं, डिझेल तसं धरत नाही, मग ब्रेकवर भार येतो. आणि नाकात जड इंजिन असलं की वळणात गाडी आधी विचार करते आणि मग वळते, हे शब्दात सांगता येत नाही पण हाताला दहा मिनिटात कळतं.

पण त्याच आठवड्यात मी तीच गाडी रात्री हायवेला घेऊन गेलो, सात तासांचा रस्ता, एकटा. आणि तिथे तिने मला जिंकलं हे सांगितलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. सहावा गिअर, काटा २००० च्या आसपास, इंजिनाचा एक खोल हुंकार फक्त, समोर एखादा कंटेनर आला की पाय एक बोट दाबायचा, गाडी गिअर न बदलता लाट आल्यासारखी पुढे जायची. पहाटे पोचलो तेव्हा अंग दुखत नव्हतं आणि टाकी अजून अर्ध्याच्या वर होती. ती गाडी तेव्हा तिच्या घरी होती. मला त्या रात्रीनंतर समजलं की डिझेलची जागा वेगवान गाडीत नक्की आहे, लांब बोनेटच्या, जड, दोन माणसं आणि त्यांचं सामान घेऊन एका दिवसात देश ओलांडणाऱ्या गाडीत आहे. बीएमडब्ल्यू ६३५डी तशी होती. पोर्शेने २०१६ मध्ये पॅनामेरा ४एस डिझेल काढली, ४ लिटर व्ही ८, ४२२ हॉर्सपॉवर, ८५० न्यूटन मीटर, टॉप स्पीड २८५. ती तशीच गाडी. त्याच पोर्शेने ९११ मध्ये किंवा बॉक्स्टरमध्ये डिझेल कधी विकलं नाही, आणि मला वाटतं त्यामागे नुसता मार्केटिंगचा हिशोब नव्हता, त्यांना गाडीचं काम माहीत होतं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी डिझेल पूर्णच बंद केलं.

ऑडीने मात्र एकदा हिंमत केली होती. २००८ मध्ये त्यांनी आर ८ मध्ये ६ लिटरचं व्ही १२ डिझेल बसवून दाखवलं, ५०० हॉर्सपॉवर, १००० न्यूटन मीटर. ला मान्स जिंकलेलं, आत्मविश्वास होता, आणि तेव्हा ते फोटो बघून मी वेडा झालो होतो. ती विक्रीला कधीच आली नाही. एवढं जड इंजिन मधे बसवायचं आणि एवढा टॉर्क झेलेल असा गिअरबॉक्स द्यायचा, हे त्या गाडीला परवडणारं नव्हतं. तेच इंजिन त्यांनी क्यू ७ मध्ये घातलं, आणि तिथे ते शोभलं, कारण तिथे अडीच टनांची गाडी ओढायची होती.

आवाजाबद्दल फार बोलत नाही, ज्याची त्याची आवड. पण मघाशी सांगितलं ना, आर १० च्या ड्रायव्हरला लाइट बघून गिअर बदलावा लागायचा. रेसमध्ये ते चालतं, तिथे पगार मिळतो, समोर स्टॉपवॉच असतं. तू घाटात जाणार तो कानाने गाडी चालवायला. इंजिन कुठे आहे हे काट्याकडे न बघता कळणं, रस्त्यावरची नजर न काढता, हा त्या सकाळचा निम्मा आनंद आहे.

आणि नुसता टॉर्कच हवा असेल तर आता इलेक्ट्रिक गाड्या आहेत, त्या शून्यापासून टॉर्क देतात आणि १०-१५ हजार आरपीएमपर्यंत फिरतात पण. डिझेलचा जो एक हुकमी पत्ता होता तो त्यांनी काढून घेतला. त्यांचं वजन हा वेगळा विषय, कधीतरी त्यावर लिहीन.

आता तुझ्या रोजच्या ८ किलोमीटरबद्दल, आणि खरं सांगायचं तर वरचं सगळं सोडून दिलंस तरी हे एक कारण पुरेसं आहे. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ, तो काजळी अडवतो. ती काजळी साठली की गाडी ती आतल्या आत जाळून टाकते, त्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० डिग्रीपर्यंत तापावा लागतो आणि तसा काही मिनिटं राहावा लागतो. ८ किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम गरम होतं तोवर तू पार्किंगमध्ये. जाळायला सुरुवात होते आणि अर्ध्यात बंद पडते, परत दुसऱ्या दिवशी तेच. यासाठी जे जास्तीचं डिझेल सिलेंडरमध्ये मारतात ते थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, लेव्हल वर चढते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला जपायला ताकद कमी करते, आणि तू गॅरेजमध्ये उभा. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) पण काजळी बसते ती असल्या वापरानेच. माझ्या जवळच्या एकाने अशीच चांगली ठेवलेली डिझेल घेतली होती, आधीच्या मालकाने तिला हायवेवर पळवलेली म्हणून ती ठणठणीत होती, याने तिला रोज भाजी-दूध आणि ऑफिसला फिरवली आणि वर्षाच्या आत फिल्टर गेला. गाडीची चूक नव्हती. तुझी ती "जास्त चांगली ठेवलेली" गाडी पण बहुतेक लांब पळूनच चांगली राहिलेली असणार, म्हणून मला भीती वाटते.

ॲव्हरेजचा हिशोब पण नीट कर. कंपनीचा आकडा डिझेलचा शंभर किलोमीटरला ५.३ लिटर आहे आणि पेट्रोलचा ७.७, फरक मोठा दिसतो. पण रोजचे १६ आणि रविवारचे समज दीडशे धरले तरी तुझं रनिंग वर्षाला बारा-तेरा हजारच्या वर जात नाही, आणि थंड इंजिनावर डिझेल पण तो आकडा देत नाही. वाचलेलं इंधन एका इंजेक्टरच्या सेटमध्ये किंवा ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये जाऊ शकतं. रोज शंभर-दीडशे किलोमीटर हायवे करणारा असतास तर मी हेच पत्र उलटं लिहिलं असतं, डिझेल घे, डोळे झाकून घे, आणि घाट आहे तो बोनस समज, असं सांगितलं असतं.

एवढं वाचूनही डिझेलच मनात बसली असेल तर अजून एक तपास. तुझ्या त्या टीटीच्या काळातलं २.० टीडीआय हे ईए १८९ या घराण्यातलं इंजिन आहे, २०१५ मध्ये एमिशन टेस्टमध्ये फसवणारं सॉफ्टवेअर सापडलं ते यातच. त्या गाड्या नंतर परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं गेलं. तर हिच्यात ते काम झालंय का, कधी झालं, आणि त्यानंतर गाडीला ईजीआरचा काही त्रास झाला का हे कागदावर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नको. कोणी "डीपीएफ काढून टाकलाय, आता टेन्शन नाही" असं कौतुकाने सांगितलं तर तिथूनच परत फिर, ती काजळी मग तुझ्यामागून येणाऱ्याच्या छातीत जाते. आणि तुझ्या भागात जुन्या डिझेल गाड्यांवर काही बंदी किंवा वयाची मर्यादा आहे का तेही बघून घे, ती येत्या काही वर्षांत सैल होईल असं मला वाटत नाही.

पेट्रोलवाली घेताना पण आंधळा विश्वास नको. ती त्या काळातली टर्बो पेट्रोल आहे, ऑइल किती पिते ते विचार, सर्व्हिस रेकॉर्ड बघ, टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन आहे की चेन असलेलं ते पाहून त्याप्रमाणे ते काम कधी झालं ते विचार, आणि गाडी थंड असताना स्टार्ट करून दाखवायला सांग, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

आणि निर्णय माझ्या पत्रावर घेऊ नको. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालव, जमलं तर चढाच्या रस्त्यावर, आणि भावाला पण सोबत ने. आधी दोघांनी टॉप गिअरमध्ये ८० ते १२० करून बघा, तिथे डिझेल जिंकेल आणि भाऊ खूश होईल, होऊ दे. मग रस्ता मोकळा आणि इंजिन पूर्ण गरम असेल तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये २००० पासून पाय सावकाश दाबत वरपर्यंत ने, रेडिओ बंद, काचा खाली. दोन्ही गाड्यांमध्ये. वर पोचल्यावर कुठली गाडी अजून बोलत होती ते मला कळव, आणि भावाचा चेहरा कसा होता तेही.

तुझा,
दादा